महिनाभर बर्फ

एप्रिल सरत आला होता, तरी फिनलंडमधल्या कुओपिओच्या बसमध्ये प्रवास करणाऱ्या तूलिक्कीच्या पुढच्या बाकावरच्या आजोबांच्या मांडीवर बर्फात भोक पाडून मासे धरायचं गिरमिट होतं. त्यांच्या शेजारी नात हिल्ला.

"शाळेत महिनाभर सगळ्या विषयांत बर्फच आहे, आजोबा. गणितात तळ्यावरच्या बर्फाची जाडी मोजली. आता तो माणसाला पेलत नाही."

"मला पेलतो. जुनी ओळख आहे. स्वयंपाकाच्या तासाला काय केलंत?"

"सूप. गार."

"आणि भाषेच्या?"

"बर्फाखाली बुडालेल्या माणसाचा मृत्युलेख. बाई म्हणाल्या, खऱ्या आयुष्यातलाच माणूस घ्या."

"कोणाला घेतलंस, हिल्ला?"

"तुम्हाला."

"जमला का?"

"बाई म्हणाल्या, शेवट फार घाईत झालाय."

बस थांबली. दार उघडलं.

"आजोबा, तळं आलं. तुम्हाला उतरायचंय ना?"

"जाऊ दे तळं. तू तो लेख वाचून दाखव."