देवमनचा ब्लॉक

– याले सयपाकाची खोली म्हनतो तू? अरे देवमन, आमच्या दर्यापूरच्या घरी बैलाचा कोठा याच्याऊन मोठा आहे. बैल तरी फिरून उभा राहते त्याच्यात. इथं मानूस आत गेला का उलट्या पावलानं बाहेर निंघाव लागते. ओवरसियर झाला तू, सरकारचे रस्ते मोजतो, पूल मोजतो, अन् स्वतासाठी घेतल्या काय, तं दोन डब्ब्या! खाली दुसऱ्याचा संसार, वर तिसऱ्याचा – हे आयक, वरची बाई पाट्यावर काहीतरी वाटून राहिली, ते आपल्या टाळक्यात. याले ब्लॉक म्हनतात. आमी याले काही म्हनत नाही, आमच्याकडं असं नसतेच. तुही अकोल्याले बदली झाली, तू विकून राहिला, असं तुह्या बापानं सांगतलं म्हनून आलो. मोतीराम चाळीस वर्सं माह्या घरचा सालदार, त्याचा शबद कसा मोडाव? नाहीतं मले काय नडलं होतं अमरावतीच्या कॅम्पात येऊन जिने चढाले.

पानी? नको, नको, ठेव सूनबाई, आत्ताच मोटार अड्ड्यावर पेलो. माह्या घरवालीनं पेलं? वच्छलेनं? पेलं तं पेलं. तिचा जीव घशात आलेला, तिले कायचं भान. तिकडच्या खोलीत खिडकीखाली निजली ना ती? निजू दे. तुह्याच बाजेवर निजली – पाह्य, काय दिवस आले. अन् भितीवर तुमच्या बुद्धाची तसबीर. असू दे, मी काही म्हनत नाही, ज्याचं त्याले. पन एक सांग, संडास घरात? सयपाकाच्या भितीले लागून? हे कोन्या शहान्याचं डोकं? इकडं भाकर थापाची अन् पलीकडं – शी. आमच्यात असं घर फुकट देलं तरी कोनी घेनार नाही. झाडं आहेत म्हना. निंब आहेत, चिंचा आहेत, समोरच्या बंगल्यात साहेबाच्या वेळचा आंबा आहे. पन झाडं काय तुह्या मालकीचे? झाडाची सावली तू विकून राहिला काय मले? अन् हे शांतता! दुपारची वेळ, अन् रस्त्यानं एक बंडी नाही, एक मानूस नाही. मसनवटीत याच्याऊन जास्त लोक भेटतात. अर्धा घंटा झाला, मले घड्याळीची टिकटिक तेवढी आयकू येऊन राहिली. – हो. तेही खरं. अर्ध्या घंट्यात ती एकदाही खोकली नाही.

आता डॉक्टरचं काय, डॉक्टर सांगते. म्हने कापसाच्या रुईची धूळ छातीत बसली, जिनिंगपासून दूर न्या, झाडाच्या हवेत ठेवा, मोठा दवाखाना जवळ पायजे. डॉक्टरले काय जाते सांगाले? आमचं घर जिनिंगच्या भितीले भीत. पाह्यलं ना तू, लहानपनी अंगनात तूच तं रुई वेचत बसे. सात खन, माडी, समदं आहे. पन पोराईनं वाटनी मागतली, मी देली – मीच देली, कोनी घेतली नाही माह्यापासून. माडी मोठ्याले, खालचं धाकट्याले. आता रातभर हिचा खोकला, सुनाईची झोप मोडते. त्या तोंडानं काही बोलत नाहीत, चांगल्या घरच्या आहेत, भांडे आपटतात फक्त. मंग मीच म्हटलं, कोठा मोकळा आहे, हवेशीर आहे, दोन बाजा सहज मावतात – तू काहून असा पाहून राहिला? हवेशीरच आहे तो. बैल तिकडं, आमी इकडं.

जाऊ दे. लय बोलनं झालं. हे घे, शेला टाकला हातावर. दे हात आत. अरे दे ना, बैलबाजारात कदी गेला नाही काय? शेल्याखाली बोटं दाबाची, भाव ठरवाचा, बाहेरच्याले कळत नाही. – मी धरतो म्हनून राहिलो ना तुहा हात. आजपावतर धरला नाही, आज धरतो. दे.

काय? देला? शबद देला? कोनाले? – घर पाहाले आलेला, फाटकात उभा होता त्या मास्तरले? आत्ता, मी संडास पाहून राहिलो तवा? त्यानं काहीच खोड काढली नाही, अन् तू हो म्हटलं? अन् तू माह्यासाठी चार दिवस थांबून होता, ते? मले पसंत नाही असं वाटलं – अरे, कोन म्हटलं पसंत नाही? जो घेनार तोच खोड काढते. ज्याले घ्याचं नाही तो शेपटीले हात न लावता पुढं सरकते. एवढं तुले माहीत नाही? – कुठून माहीत असनार. तुह्या बापानं माह्यासंगं कदी भावच केला नाही. अक्षयतृतीयेले अंगनात उभा राहे, मी सांगो ती सालाची मजुरी, अन् तो मान हालवे. चाळीस वर्सं. मले वाटे, त्याले कमी पडत नसन.

मास्तरले एकदा विचारून – नाही. नाही, तू नको विचारू. शबद म्हनजे शबद. मी काही कोनाच्या दारात मागाले आलो नाही. काढ तो शेला, बाजूले कर.

वच्छला. ऊठ वो. – झोप लागली होती काय तुले? राहू दे, आता मोटार निंघून जाईन. – नाही घेतलं. मले पसंत नाही पडलं. लहान आहे. – तुले आवडलं असन, मले नाही आवडलं. म्हटलं ना, लहान आहे. चप्पल घाल.