सासऱ्यांचे कान आणि देवाची बदनामी

नाही, पण मी म्हणतो, सासऱ्यानं जावयावर केस करावी, आणि वर दर तारखेला त्याच जावयाच्या स्कूटरवर मागे बसून कोर्टात यावं... हे कुठं बघितलंय तुम्ही? आणि केस कसली, तर धर्माची बदनामी!

तुम्हाला सांगतो, रात्रपाळी करून सकाळी घरी आलो, डोळा लागतोय न लागतोय तोच शेजारच्या खोलीत बाबांची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, प्रार्थना सुरू! त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण हळूच म्हणतोय असं त्यांना वाटतं, आणि इकडे खिडकीची तावदानं थरथरतात! शेवटी गेलो आणि कानाशी ओरडलो, "बाबा, हळू म्हणा, देव काही बहिरा नाही!" अहो, 'नाही' म्हणालो मी! नाही!

झालं! बाबांना वाटलं, हा आपल्या कानांवर बोलला. तडक पोलीस चौकीत! "जावयाला जरा दम द्या." साहेब म्हणतात, "देवाचं नाव घेतलं ना? मग दम कसला, गुन्हाच!" दुखावले यांचे कान, आणि नोंद झाली देवाच्या नावावर! संध्याकाळी बायकोनं फैलावर घेतल्यावर बाबा परत गेले, "तक्रार मागे घेतो." तर साहेब म्हणे, "आजोबा, भावना एकदा दुखावल्या की त्या सरकारजमा होतात."

तीन वर्षं आत, म्हणे! हसताय काय? खरं सांगतो, भीती वाटते हो. हल्ली बाबा तोंडातल्या तोंडात प्रार्थना करतात, घर एकदम शांत... आणि मी टक्क जागा! म्हणालो काय, तर 'नाही'!

परवा बाबांची साक्ष. वकील विचारतोय, बाबा म्हणतायत, "आँ?" पुन्हा विचारलं, पुन्हा "आँ?" न्यायाधीश वैतागले, "घरी यांच्याशी बोलतं कोण?" मागून बायको, "हेच बोलतात!" "मग तुम्हीच विचारा." आता कोर्टाचा हुकूम! गेलो, कानाशी तोंड नेलं, "बाबाऽऽ, देव बहिरा नाही, असं मी म्हणालो काऽऽ?" फाटकावरच्या शिपायापर्यंत गेलं ते! सरकारी वकील ताडकन उठला, "भर कोर्टात! पुन्हा! तेही ओरडून!"

लागली ना दुसरी केस! अहो, पण 'नाही' म्हणालो... ऐकतंय कोण?

बाबांचे डोळे भरून आले. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "जावईबापू, घाबरू नका, या केसमध्ये मी तुमच्या बाजूनं साक्ष देणार!"

म्हणजे कानाशी पुन्हा मीच! तिसऱ्या केससाठी आताच रजेचा अर्ज टाकून आलोय.