चोवीस तासांचा कॅन

—हात नका हलवू ताई, सुई सरकली की मशीन बोंबलतं. डायलिसिसची पहिलीच वेळ ना? मी ह्या शेजारच्या खाटेवर नेहमीचीच. मग त्या नळीकडे नका बघू, माझ्याकडे बघा. हो, आपलंच रक्त, जातंय आणि परत येतंय—चार तास हेच. किडनी काय करते सांगितलं का कुणी? नसेलच, वेळ कुणाला आहे. मी सांगते, वीस वर्षं सातवीला शास्त्र शिकवतेय. पाठीकडे, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, दोन बाजूंना दोन—मुठीएवढ्या. एकेकीत दहाएक लाख चाळण्या. चाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. रक्त दाबानं आत शिरतं, पाणी, मीठ, साखर, घाण सगळं गळतं—रक्तपेशी तेवढ्या आत राहतात. पुढे लांब नळी, ती कामाचं वेचून परत रक्तात घेते. दिवसाला दीडशेच्या वर लिटर गाळायचं आणि टाकायचं किती, तर दीड-दोन लिटर. एवढी चिकट बाई मी दुसरी बघितली नाही.

एक असली तरी माणसाचं भागतं. म्हणून तर दादा म्हणाला, माझी एक घे. मी नव्हती हं मागितली—आईसमोर स्वतः म्हणाला. रक्त जुळलं, डॉक्टरांनीच मला सांगितलं. मग त्याच्या किडन्या ठणठणीत आहेत ना बघायला त्याला कॅन दिला, चोवीस तासांची लघवी साठवायला. आठवड्यानं त्याचा फोन—अगं, लघवी जुळली नाही. ताई, लघवी कधी जुळवतात का? रक्त जुळवतात, लघवी नुसती तपासतात. सातवीतलं पोरगंही हसेल. मी 'बरं' म्हणाले. नंतर त्याच्या घरी गेले तर गॅलरीत तोच कॅन, फिनेल भरलेला—वरची चिठ्ठी कोरी, ना नाव ना वेळ. वहिनी माझ्याकडे बघेचना.

भीती वाटते म्हणाला असता तर मी काय त्याला बांधून आणणार होते? पोट कापायचं म्हणजे भीती वाटणारच. पण खोटं—आणि तेही मला, माझ्याच विषयातलं. आईला अजून वाटतं, आमचं नशीबच खोटं. तिच्यापुढे त्याचं खोटं मीच सांभाळते, त्याचा जास्त संताप होतो.

नाही, विचारलं नाही. कसं विचारू? आठवड्यातून तीनदा तोच सोडतो, तोच नेतो, एकदाही चुकला नाही. तोंड उघडलं आणि यायचाच थांबला तर—मला इथे आणणारं दुसरं कोण आहे?

ये दादा, ये. अरे कुठे काय, ह्या ताई नवीन आहेत, त्यांना किडनी समजावत होते. झालं ताई, एवढंच असतं. पडा आता गप्प.