सोमोएचं कुंपण आणि एडिथाबाई

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय चिलुम्बाभाऊ, जिल्ह्याहून उन्हातान्हात आलेले पाहुणे, जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आपली पीकरोग अधिकारी एडिथा हाऊले, आणि या काजूच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

चार शब्द बोलायला मला उभं केलंय. माझी पत्नी सोमोए समोरच बसली आहे. चुकलो तर ती तिथूनच दुरुस्त करेल.

एडिथाबाई सोंगेयाकडे बदलून चालल्या. त्यांचे गुण मी काय सांगावेत? भांडण सांगतो. आमच्या घरचंच आहे.

आमच्या घराभोवती रबरकसाव्याचं, म्हणजे कसाव्याच्या झाडाएवढ्या वाढणाऱ्या भाऊबंदाचं, कुंपण होतं. लग्नात सासूबाईंनी दिलेल्या कांड्या सोमोएनं स्वतः लावल्या होत्या. त्याची कोवळी पानं उखळात कांडून शेंगदाण्याच्या कुटात शिजवली, की निम्मं गाव आमच्या चुलीशी. खोटं सांगतोय का? बघा, माना हलतायत.

मग शेतात खायला लावलेल्या कसाव्याची मुळं आतून कुजायला लागली. सरकारी ट्रकमधून निरोगी बेणं आलं, ते लावलं. पहिलं पीक झकास आलं. दुसऱ्या खेपेला आमच्या कुंपणालगतची शेतं पुन्हा कुजली. एडिथाबाई आल्या, पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "मावशी, रोग या कुंपणात दडला असावा. पांढरी माशी इथून उचलते नि शेतात नेते."

सोमोए म्हणाली, "माझी झाडं इथं जन्मभर उभी आहेत. तुझं बेणं परवा आलं. चोर कोण, हे तू कशावरून ठरवलंस?"

दुसरा अधिकारी चिडला असता. या म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. मला अजून ठाऊक नाही. दोन्हींची पानं तपासून आणते."

तपासून आणली. विषाणू कुंपणात निघाला, बेणं जिथून आलं त्या मळ्यातल्या पानांत नाही. सोमोएनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाडं हिरवीगार आहेत. तुमच्या यंत्राला चष्मा लावा."

महिनाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी मधल्यामध्ये. एकीला नमस्कार केला, की दुसरी जेवायला वाढेना.

त्यात शेजारच्या असुमिनीचा मुलगा जांडोच्या, म्हणजे वयात येणाऱ्या मुलांच्या, दीक्षेहून परतायचा होता. मेजवानीसाठी तिनं आमच्या कुंपणालगतचं शेत खणायला काढलं. वरून झाडं ठणठणीत. मूळ कापलं, तर आत तपकिरी, बुचासारखं. दुसरं कापलं, तसंच. सोमोएनं तिच्या हातातून सुरी घेतली आणि अख्खा ढीग कापून पाहिला. असुमिनी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सोमोएताई, आता पाहुण्यांना काय वाढू गं?"

सोमोए घरी आली. आमच्या कसाव्याच्या पिठाचं पोतं असुमिनीकडे पाठवलं आणि कोयता काढला. मी म्हटलं, "अगं, उद्या सकाळी बघू." ती म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा." स्वतः लावलेलं स्वतःच तोडलं. डोळे पुसत होती, पण थांबली नाही. सगळी कोवळी पानं गोळा केली, मोठ्या हंड्यात शिजवली आणि एडिथाबाईंना निरोप धाडला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, डोळे भरलेले. सोमोए म्हणाली, "बस, जेव. रडायचं ते जेवण झाल्यावर."

जेवल्या. तीनदा वाढून घेतलं. अध्यक्ष महाराज, हे सरकारी अहवालात नसेल.

पुढे पाऊस पडला आणि बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटले. एडिथाबाई चर्चचा पोशाख घालून निघाल्या होत्या, तशाच कुदळ घेऊन बायकांबरोबर ते बुंधे मुळासकट खणायला उतरल्या आणि पाय घसरून खड्ड्यात बसल्या. त्यांना बाहेर काढताना आणखी दोघी आत गेल्या. एवढं हसणं या गावानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग शेतात पुन्हा निरोगी बेणं लावलं, आणि त्याच्या काढणीला असुमिनीनं पहिलं मूळ कापलं. पांढरंशुभ्र, दुधासारखं. बायकांच्या आनंदाच्या आरोळ्या शाळेपर्यंत पोचल्या आणि मुलं वर्ग सोडून पळत आली. आता भाजी शेतातल्या कसाव्याच्या पानांची होते. चव तशी नाही, हे सोमोए रोज सांगते. पण सांगताना ताट भरलेलं असतं.

आता निरोपाची भेट. आपल्याकडे लेक निघाली की कसाव्याच्या कांड्यांची मोळी देतात. सोमोएनं आज सकाळी ती बांधलीसुद्धा. एडिथाबाईंनी ती छातीशी धरली आणि परत केली. म्हणाल्या, "मावशी, एका मुलखाचं बेणं दुसऱ्या मुलखात नेऊ नका, हे मीच घसा कोरडा करून सांगितलंय." सोमोए म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू घेतली असतीस, तर तुला जाऊच दिलं नसतं."

म्हणून भेट त्या टोपलीत आहे, उकडलेला कसावा. बाई, गाडी सुटायच्या आत संपवा. तुम्ही सोबत काहीही न्यायचं नाही असं म्हणता, तर ठीक आहे. भरल्या पोटी जा.

जिल्ह्याच्या पाहुण्यांनी वाट वाकडी केली, अध्यक्षांनी मला आवरलं नाही, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचं मानाचं नाव राहून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणखी बोललो असतो, पण सोमोए उठून वाढायला गेली आहे.