पुतळ्याच्या छातीतलं भोक

शिल्पकाराच्या सुरुवातीच्या प्रयोगांचं प्रदर्शन होतं. एका म्हाताऱ्या ओताऱ्याने ब्राँझच्या पुतळ्याच्या छातीतल्या भोकात खुशाल हात घातला, तशा दालनाची राखण करणाऱ्या बाई दटावायला स्टुलावरून उठल्या. तेवढ्यात तो बायकोला म्हणाला,

"पाटीवर काय लिहिलंय, वाच."

"शिल्पकाराला इथे पोकळीचा शोध लागला."

"त्याला कुठला? मला लागला. साच्यातली हवा बाहेर जायला नळी ठेवतात, ती मी विसरलो. हवा अडकली आणि धातू छातीपर्यंत पोचलाच नाही."

"अगंबाई. मग तो भडकला असेल."

"छे. बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, हे मुद्दाम केलंस का?"

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो. नोकरी नवी होती, तुला दिवस गेले होते."

"धन्य आहे तुमची."

"तो म्हणाला, असेच आणखी पाच पुतळे कर."

"जमले?"

"पहिले तीन पुतळे धड निघाले. एकालाही भोक नाही. परत वितळवले. नळी नेमकी कुठे ठेवायची नाही, हे कळायला वर्ष गेलं."

राखणदार बाई हळूच परत स्टुलावर टेकल्या.

"खरं कधी सांगितलंत त्याला?"

"काम सोडलं त्या दिवशी. तर म्हणतो, मला तेव्हाच कळलं होतं, तुझा चेहरा पांढराफटक पडला होता."

"मग वर्षभर राबवलं कशाला?"

"तेच विचारलं मी. म्हणाला, तू हो म्हणालास ना?"