बर्बनच्या सहा बाटल्या आणि आईचा पंचनामा

(फ्रँकफर्टला आमच्या वरच्या मजल्यावर वंदना राहते. तिनं हे मला स्वयंपाकघरात बसून सांगितलं. बाळांनो, तिच्या तोंडचं तसंच ठेवलंय, फक्त वाक्यं जिथं फारच लांबली तिथं श्वास घेतलाय.)

मी वर्धा जिल्ह्यातली, काकू. नदीकाठचं गाव. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, हे तुम्हाला माहीतच आहे, पण नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि तिथे परवान्याचं दुकान, पाटी लावून, दिवसाढवळ्या. मग काय व्हायचं, तीच बाटली, तेच झाकण, नावेत बसून आमच्या काठाला लागली की भाव दीडपट, आणि पोळ्याच्या सुमाराला दुप्पट. मला हे आठव्या वर्षी पाठ होतं. बाबा प्यायचे ना. तेवढ्यासाठी नदी ओलांडून जायचे, पुराच्या दिवसांतसुद्धा जायचे, आणि आई काठावर उभी राहून शिव्या द्यायची, शिव्या देताना रडायची.

मग आई बायकांच्या मंडळात गेली. काय सांगू तुम्हाला, त्या बायका म्हणजे. निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून निघायच्या आणि कुणाच्या कुडाच्या मागे कॅन सापडला की ओतायचा. फोडायचं नाही, ओतायचं, हा त्यांचा नियम. रिकामे कॅन, बाटल्या रांगेत मांडायच्या, दोन पंच बोलवायचे आणि ठाणेदाराला म्हणायचं, लिहा पंचनामा. ठाणेदार म्हणायचा, बाई, दारूच नाही तर लिहू काय. आई म्हणायची, वास लिवा. आई सही करायला शिकली ती त्या पंचनाम्यांसाठी. बाबा गेले त्यानंतरही तिनं ते सोडलं नाही. मंडळाचं काम सांभाळून दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं, आणि त्यावर तिनं मला नागपूरला बी.कॉम. केलं.

दोन हजार बारा साली मी नितीनबरोबर इकडे आले. नितीन माझा नवरा, पुण्याचा, र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. जर्मन शिकले, अर्ज केले, आणि नोकरी मिळाली ती एश्बॉर्नला, मद्य आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. माझ्याकडे बर्बन. अमेरिकेची मक्याची व्हिस्की. कुठे काय भावानं जाते, कुठे विकू देतात, कुठे नाही, एवढं बघायचं काम. आणि काकू, ते काम मला इतकं जमलं, इतकं जमलं की मलाच लाज वाटायची. कारण ते नदीचंच होतं. नॉर्वेत ती फक्त सरकारी दुकानात मिळते आणि भाव ऐकून माणूस तहानच विसरेल. अमेरिकेत तर राज्याराज्यांचं निराळं, एका राज्यात सरकार स्वतःच विकतं, शेजारच्यात किराणा दुकानात, कुठे रविवारी दुपारपर्यंत नाही, आणि दुर्मीळ बाटली असेल तर चिठ्ठ्या टाकून. इथे आमच्या हेसन राज्यात शेवयांच्या शेजारच्या फळीवर. पण मानहाइम दुसऱ्या राज्यात, तिथे तेव्हा रात्री दहानंतर दुकानातून विकायला बंदी होती, मग मानहाइमची पोरं हेसनच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात यायची. नावच नव्हती फक्त.

आईला मी सांगितलं, किराणा आयात करणारी कंपनी आहे. खोटं पूर्ण नव्हतं, असं मी मनाला सांगायचे. आईनं गावभर सांगितलं, माझी पोरगी जर्मनीला तांदूळ आणते.

नोकरीला वर्ष झालं तेव्हा आई तीन महिने आली. त्याच सुमाराला ऑफिसला रंग देत होते, म्हणून नमुन्याच्या सहा बाटल्या मी घरी आणल्या आणि खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आपल्या खोलीत, कांद्याबटाट्यांच्या मागे ठेवल्या. नोंद न करता आणल्या, ही माझी चूक. त्यातल्या दोन अशा होत्या की ज्या बर्बन जिथली त्या केंटकीतल्या माणसालाही चिठ्ठी लागल्याशिवाय मिळत नाहीत.

रविवार होता. आम्ही दोघं नितीनच्या मित्राकडे गेलो होतो आणि आई कांदे आणायला खाली गेली.

परत आलो तर कोपऱ्यावर रिकाम्या बाटल्या टाकायचा डबा असतो त्याच्यापाशी आई आणि तळमजल्याच्या बाई, फ्राउ लोरेन्झ, समोरासमोर. फ्राउ लोरेन्झ जर्मनमध्ये ओरडतायत, आज रविवार आहे, रविवारी काच टाकत नाहीत, आवाज होतो. आई वऱ्हाडीत, ओरडू नको व बाई, मी काई चोरी नाई केली. तिनं सहाही बाटल्या धुण्याच्या खोलीतल्या मोरीत ओतल्या होत्या. तीन डब्यात टाकून झाल्या होत्या, तीन हातात. दारू ओतली यावर कुणाचं काही म्हणणंच नव्हतं. रविवारी आवाज केला, एवढाच गुन्हा.

मी मध्ये पडले, माफी मागितली, आईला वर आणलं. तिनं तीन बाटल्या टेबलावर रांगेत मांडल्या. म्हणाली, जावई पितात काय? नितीन म्हणाला, अहो आई, मी कसला पितो, मला खोकल्याच्या औषधानं झोप येते. आई म्हणाली, मंग कोनाच्या हाय? मी म्हटलं, माझ्या. म्हणजे ऑफिसच्या. मी हेच काम करते, आई.

काकू, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, तांदूळ नाई आनत तू? आणि त्या संध्याकाळी जेवायला बसली तर विचारलं, हे दूध कोनाच्या पगाराचं? नितीन म्हणाला, माझ्या. पोळी? माझ्याच. भाजी मी आणली होती आणि ते तिला माहीत होतं. तिनं भाजी बाजूला केली आणि दूधपोळी खाल्ली. मी बी.कॉम. झाले ते तिच्या निंदणाच्या पैशांवर, आणि माझ्या कमाईचा घास तिच्या घशाखाली उतरेना. नितीन म्हणाला, अहो आई, आम्ही बनवतो त्या गाड्या पण कुणीतरी पिऊन चालवतंच की. आई म्हणाली, जावईबापू, तुमी नका मधात पडू.

सोमवारी मी निघाले तशी तीही निघाली. म्हटलं, तू कुठे? म्हणाली, मी ओतली तं मी सांगीन. कापडी पिशवीत तीन रिकाम्या बाटल्या. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर त्या किणकिणत होत्या. इथे गरीब म्हातारी माणसं रिकाम्या बाटल्या गोळा करून दुकानात परत देतात, त्याचे थोडे पैसे मिळतात, तर एका आजोबांनी आपली बिअर संपवली आणि अगदी अदबीनं बाटली आईच्या पिशवीत ठेवली. आईनं ती वास घेऊन बघितली. म्हणाली, ह्याची बी लिवून घ्या.

आमच्या बॉस फ्राउ श्टाइन, कडक बाई. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नोंद नाही केली तेही. वाटेत पडून फुटल्या, असं म्हणता आलं असतं, पण आई शेजारी उभी. फ्राउ श्टाइन रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आल्झो, तर मग प्रोटोकोल लिहावा लागेल, झाल्या प्रकाराची नोंद. कागद काढला. किती बाटल्या, कोणत्या, कुठे ओतल्या, किती वाजता, कोण हजर होतं. मी आईला मराठीत सांगितलं आणि आईचा चेहरा, काय सांगू तुम्हाला, उजळला. पंचनामा! खुर्ची ओढून बसली. ओतण्याचा क्रम सांगितला, बाटल्यांचा रंग सांगितला, वास कसा होता तेही, लाकडासारखा म्हणाली, आणि फ्राउ श्टाइन म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर, ओकच्या पिंपांचा. मग आई म्हणाली, दोन पंच? रिसेप्शनच्या दोघी मुलींना बोलावलं. आईनं मराठीत सही केली. मला म्हणाली, ही बाई सरळ हाय, आमच्या ठाणेदारानं कधी वास नाई लिवला.

मग फ्राउ श्टाइननी मला लेखी ताकीद दिली. पुन्हा झालं तर नोकरी जाईल अशी. आईनं विचारलं, ओतली मी, मंग इच्यावर काऊन? मी उत्तर भाषांतर करून सांगितलं, बाटल्या माझ्या ताब्यात होत्या म्हणून. आईनं विचार केला आणि मान हलवली. बरोबर हाय. मुद्देमाल जिच्या घरात सापडला तिच्यावरच गुन्हा.

त्या दिवशी मला लवकर सोडलं. स्टेशनच्या बाकावर आईनं कापडी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, नोकरी जात होती तरी त्या बाईले खरं सांगतलं तू? म्हटलं, हो. मंग मले वर्षभर खोटं काऊन? म्हटलं, तिची भीती नव्हती, आई. तुझी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. रुळांकडे बघत म्हणाली, तुया बाबाले कमी बोलली का मी. पन टाकलं का त्यायले?

मी समोरच्या बेकरीतून एक ब्रेत्सेल आणला, खारा, वळ्यावळ्यांचा पाव. तिच्या हातात दिला. कुणाच्या पगाराचा ते तिनं विचारलं नाही. मीठ नखानं खरवडून पाडलं, अर्धा मोडून मला दिला, आणि उरलेला सावकाश सगळा खाल्ला.

काम तिला पटलेलं नाही. अजून नाही. मी तिला सांगितलं होतं, अमेरिकेत एक जिल्हा आहे, तिथे व्हिस्की गाळतात पण तिथल्या दुकानात विकत नाहीत, तर म्हणाली, तिथल्या बायका जाग्या असतील, त्यायले नमस्कार सांग. पण गावी परत गेल्यावर तिनं मंडळात उभं राहून सांगितलं, माझी पोरगी तांदूळ नाई आनत, दारूचे भाव काढते, मले पटत नाई, पन कामाची पक्की हाय. फोनवर भांडतो आम्ही, दर रविवारी. भांडण झालं की मी नीट झोपते.

नोकरी सोडली नाही मी. कधी सोडीन की नाही, तेही सांगता येत नाही. तुमची नातवंडं वाचणार ना हे? त्यांना माझा एवढा आशीर्वाद लिहा. जगात कुठंही जावोत, कसलंही काम करोत, घरच्यांना ते पहिल्याच दिवशी सांगण्याची त्यांना हिंमत होवो. घरचे रागावतील. रागावू द्या.