मौनाचा सोमवार

हसू नका गो, पण माझं मौन कसं मोडलं ते ऐका. आमच्या स्वातीने खडकांवर चढायचं खूळ सोडावं, म्हणून मी दर सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन धरत होते. नेमकी तिची कंपनीतली सुट्टीही सोमवारचीच! मुरूडकडच्या किनाऱ्यावर ती खडकाला चिकटलेली आणि मी खाली, तोंड मिटून. दोरी नाय, काय नाय. पडली तर झेलायला एक जाड गादी.

त्या दिवशी भरतीच्या लाटेने गादीच ओढून नेली. खाली उरले कालवं चिकटलेले दगड.

वरून ही विचारते, "आई, गादी आहे ना? हात सुटतोय, उडी मारते."

मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

"अगं, टाळ्या कसल्या वाजवतेस? मारू ना उडी?"

आता काय करणार, सांगा! ओरडले, "मारू नकोस! उजवा पाय वर घे, तिथे खाच आहे!"

तिने पाय रोवला आणि गेली की माथ्यावर. वर बसून म्हणते, "आई, पुढच्या सोमवारीही खालून अशीच सांग हं."

मौन आता शनिवारी धरते. मागणं तेच आहे. ऐकेल देव कधीतरी.